प्रबंधाच्या सांच्याची कुळकथा

वैशाखाच्या सुमारास एखाद्या मोठ्या महाविद्यालयाच्या आसपास झेरॉक्सचीं व पुस्तकबांधणीचीं जीं दुकानें असतात, त्यांवरून सहज फेरी मारली तर एक देखावा हमखास दृष्टीस पडतो. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आपापल्या प्रकल्पाचे अहवाल बांधून घेण्यासाठीं दाटी करून उभे असतात; काळ्या पुठ्ठ्याचीं जाड पुस्तकें फळीवर रचलेलीं असतात, आणि त्यांवर सोनेरी अक्षरांनीं विद्यापीठाचें, विषयाचें व विद्यार्थ्याचें नांव उमटविण्याचें काम चाललेलें असतें. मुंबईकडील मुलें ह्या अहवालास ‘ब्लॅक बुक’ ह्याच नांवानें ओळखतात. ह्या ढिगांतील कोणतींहि दोन पुस्तकें घेऊन शेजारीं शेजारीं उघडावीं. एकांत बंधाऱ्याच्या भिंतीवरील पाण्याच्या दाबाचें गणित असेल, तर दुसऱ्यांत शेतावरचा पंप घरबसल्या चालविण्याची युक्ति. विषय असे दोन टोकांचे, परंतु पानाचा चेहरा मात्र एकच. तोच रुंद डावा समास, तींच मधोमध मांडलेलीं शीर्षकें, तेंच प्रमाणपत्र, तोच ऋणनिर्देश, तीच आंकडेवार अनुक्रमणिका. हा चेहरा विद्यार्थ्यानें घडविलेला नसतो. त्याच्या गुरुजींनींहि नसतो. मागील वर्षाच्या तुकडीकडून, किंवा महाविद्यालयाच्या कचेरींतून, एक फाईल हातीं आलेली असते. तींतील मोकळ्या जागा भरल्या कीं अहवाल तयार. तिला ‘टेम्प्लेट’ म्हणतात. आम्ही येथें सांचा हा आपला जुनाच शब्द वापरूं.

सांचा ही वस्तु आपणांस नवी नाहीं. मोदकाचा सांचा घरोघर असतो. शाडूच्या गणपतीचा सांचा पेणेस शेंकड्यांनीं मिळेल. वकिलाच्या कचेरींत खरेदीखताचा मसुदा नांवांपुरता कोरा ठेवलेला असतो, तोहि सांचाच. ह्या सर्वांत गोष्ट एकच असते, ती ही कीं, कोणीतरी एकदां पुष्कळ विचार केलेला असतो आणि पुढील हजारांचा तो विचार करण्याचा त्रास वांचलेला असतो. ही सोय लहान नव्हे. परंतु तो पहिला विचार काय होता, हें एकदां विसरलें कीं सांचा हळूहळू नियम होऊन बसतो, आणि नियमास कारण विचारणें हा उद्धटपणा ठरतो. विद्यार्थ्यांच्या अहवालाच्या बाबतींत असें पुष्कळ अंशीं झालें आहे, अशी आमची समजूत आहे. म्हणूनच त्याच्या पूर्वजांची थोडी चौकशी करावी असें आम्ही योजिलें; आणि ती करतां करतां आम्हांस एक मौजेची गोष्ट आढळली. ह्या सांच्याच्या वंशावळींत जीं माणसें भेटतात, त्यांतील कित्येक स्वतः विद्यार्थीच होतीं, व आपलाच प्रबंध हातावेगळा करण्याच्या धडपडींत त्यांनीं हा उद्योग केला होता.

छापील पुस्तकाचें पान कसें दिसावें, हें ठरविणें पूर्वीं लेखकाचें काम नव्हतें. लेखकानें हस्तलिखित छापखान्यांत नेऊन दिलें कीं पुढें जुळारी, मुद्रितशोधक व छापखान्याचा मालक ह्यांचें राज्य. खिळा कोणता घ्यावा, ओळ किती रुंद असावी, प्रकरणाच्या आरंभीं किती जागा सोडावी, ह्या गोष्टी त्यांच्या पिढीजात अनुभवांत मुरलेल्या असत. जावजी दादाजी ह्यांनीं १८६९ सालीं मुंबईस स्थापिलेल्या निर्णयसागर छापखान्याचीं पुस्तकें ज्यांनीं हाताळलीं आहेत, त्यांस, पान वाचण्यापूर्वींच डोळ्यास कसें सुखवितें, हें निराळें सांगावयास नको. टंकलेखन-यंत्र आलें आणि ही व्यवस्था एका बाजूनें ढांसळली. जर्मनीतील विद्यापीठांत प्रबंध छापून त्याच्या प्रती देण्याची रीत होती; अमेरिकेंत पुढें टंकलिखित प्रतीवर काम भागूं लागलें. छापण्याचा खर्च वांचला खरा, पण त्याबरोबर जुळारीहि गेला. आतां विद्यार्थी हाच लेखक व विद्यार्थी हाच मुद्रक, आणि मुद्रकाची विद्या तर त्यास कोणी शिकविलेली नव्हती.

ह्या गोंधळास शिस्त लावण्याचें काम शिकागो विद्यापीठांत एका बाईंच्या वाट्यास आलें. केट तुराबियन ह्या तेथें १९३० सालीं प्रबंध-चिटणीस झाल्या आणि १९५८ पर्यंत त्या जागेवर राहिल्या. त्यांनीं तपासून मान्य केल्याशिवाय प्रबंध पुढें जात नसे. त्या विद्यापीठाच्या मुद्रणसंस्थेनें आपल्या छपाईचे नियम १९०६ सालींच ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले होते. ते टंकलेखनास लावून दाखविणारी एक लहानशी पुस्तिका बाईंनीं १९३७ त विद्यार्थ्यांसाठीं तयार केली. १९५५ त ती पुस्तकरूपानें निघाली आणि पुढें तिच्या लक्षावधि प्रती खपल्या. आजच्या सांच्याची आजी कोणती असें कोणी विचारलें, तर आम्ही ह्या पुस्तिकेकडे बोट दाखवूं. ह्या काळांतील नियमांत एकहि नियम लहरीचा दिसत नाहीं. ओळींमध्यें दुप्पट अंतर सोडावयाचें तें परीक्षकाच्या पेन्सिलीस जागा मिळावी म्हणून. डावा समास रुंद ठेवावयाचा तो बांधणाऱ्याच्या सुईदोऱ्यासाठीं. मजकूर कागदाच्या एकाच बाजूस, कारण यंत्राचा ठोका पाठीमागें उमटतो. कोणास शंका आली तर बाई कचेरींत बसलेल्या होत्या. जाऊन विचारतां येत होतें. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आतां दुसरी अडचण. टंकलिखित प्रबंधांत एक परिच्छेद मध्येंच घालावयाचा झाला, म्हणजे पुढचीं सगळीं पानें पुन्हां बडवावीं लागत. मार्गदर्शकानें तिसऱ्या प्रकरणांत एक वाक्य वाढवावयास सांगितलें कीं विद्यार्थ्याचा जीव खालीं-वर होई. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत जेरोम सॉल्टझर नांवाचा विद्यार्थी १९६४ च्या सुमारास ह्याच पेंचांत होता. तेथें एकच संगणक अनेक जणांस एकाच वेळीं वापरतां यावा अशी नवी व्यवस्था झालेली होती. सॉल्टझरनें आपल्या डॉक्टरेटच्या कामासाठीं तीवर दोन आज्ञावल्या रचल्या. एक मजकूर लिहून दुरुस्त करण्याची, आणि दुसरी तो पानावर नीट मांडून देणारी. ह्या दुसरीचें नांव ‘रनऑफ’. ओळीच्या आरंभीं एक टिंब देऊन पुढें आज्ञेचा शब्द लिहावयाचा: येथें जागा सोड, हें मधोमध घे, येथें नवें पान कर. दुरुस्ती झाली कीं यंत्रास पुन्हां प्रत काढावयास सांगावें, तें पहिल्यापासून निमूटपणें सर्व काढी. सॉल्टझरचा प्रबंध १९६६ त पुरा झाला; तो संगणकावरील वर्दळीचें नियंत्रण कसें करावें ह्या विषयावर होता, आणि त्या विषयांतील जाणत्यांत त्याचा मान आहे. परंतु बाकीच्या जगास त्याच्या प्रबंधापेक्षां प्रबंध लिहिण्याच्या त्याच्या ह्या साधनाचाच उपयोग अधिक झाला, असें म्हटलें तर तो त्या विद्वानाचा अपमान होऊं नये.

‘रनऑफ’च्या पुष्कळ मुलीनाती झाल्या; त्यांच्या नांवांची जंत्री येथें देत नाहीं. त्या सर्वांत एक उणीव होती. लेखकास प्रत्येक ठिकाणीं पानाला काय करावें तें सांगावें लागे. शीर्षक आलें कीं दोन ओळी सोड, मधोमध घे, जाड कर, पुन्हां एक ओळ सोड. आणि असें साठ शीर्षकांस साठ वेळां. त्यांपैकीं एका ठिकाणीं विसरलें कीं तें शीर्षक कुटुंबांतून फुटल्यासारखें दिसे. ह्यावरचा उपाय कार्नेगी-मेलन विद्यापीठांतील ब्रायन रीड ह्या विद्यार्थ्यानें ठामपणें मांडला. त्याची ‘स्क्राइब’ ही आज्ञावली हाच त्याच्या १९८० सालच्या प्रबंधाचा विषय होता, म्हणजे प्रबंध लिहिण्याच्या साधनावरच प्रबंध! त्याची कल्पना अशी कीं, लेखकानें ‘हें प्रकरणाचें शीर्षक’, ‘हें अवतरण’, ‘ही तळटीप’ इतकेंच सांगावें. शीर्षक कसें दिसतें, अवतरण किती आंत सरकतें, ह्याची नोंद निराळ्या जागीं, त्या विद्येंतील माणसानें एकदांच करून ठेवावी. लेखक वस्तूचें नांव सांगतो, रूप दुसरा ठरवितो. आम्हांस ही विभागणी फार महत्त्वाची वाटते. टंकलेखन-यंत्रानें जो जुळारी घालविला होता, तो येथें अदृश्य रूपानें परत आला. ‘स्क्राइब’ पुढें एका व्यापारी कंपनीस विकण्यांत आली, आणि पैसे न भरतां घेतलेल्या प्रती ठराविक मुदतीनंतर बंद पडाव्यात अशी तींत व्यवस्था झाली. कल्पना टिकली, आज्ञावली मात्र मागें पडली; ह्या दोन गोष्टींचा संबंध नसेलच असें आम्हांस म्हणवत नाहीं.

ह्याच सुमारास कॅलिफोर्नियांत, स्टॅनफर्ड विद्यापीठांत, निराळेंच प्रकरण चाललें होतें. गणिती व संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ ह्यांचा संगणकाच्या आज्ञावल्या रचण्याच्या कलेवरील महाग्रंथ १९६८ पासून खंडशः निघत होता. पहिले खंड शिशाच्या खिळ्यांनीं, मोनोटाइप यंत्रावर, जुळविलेले होते आणि गणिताचीं अवघड समीकरणें त्यांत मोत्यांसारखीं बसलेलीं होतीं. १९७७ च्या मार्चअखेर दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीचीं प्रूफें त्यांच्या हातीं पडलीं. मधल्या काळांत खिळ्यांचा धंदा बसला होता व जुळणी छायाचित्रणाच्या पद्धतीनें होऊं लागली होती. प्रूफें पाहून कनूथ ह्यांचा इतका विरस झाला कीं, असल्या पानांवर आपलें नांव घालण्याची त्यांस इच्छाच राहिली नाहीं. त्यापूर्वीं थोडेच दिवस त्यांनीं एका दुसऱ्या ग्रंथाचीं पानें पाहिलीं होतीं; तीं संगणकानें बारीक ठिपक्यांनीं उठविलेलीं होतीं. ठिपका आहे किंवा नाहीं, शून्य किंवा एक, हा तर आपलाच विषय, असें त्यांच्या मनानें घेतलें. १३ मे १९७७ ही तारीख घातलेलें एक टिपण त्यांनीं लिहून काढलें आणि ह्या आज्ञावलीस ‘टेक’ असें नांव दिलें. कला व कसब ह्या दोहोंचा वाचक जो ग्रीक शब्द, त्याचीं हीं आद्याक्षरें. हें काम थोडक्या अवधींत आटोपेल अशी त्यांची कल्पना होती. तें त्यांस सुमारें दहा वर्षें पुरलें. महाग्रंथाचे पुढचे खंड तोंवर वाट पाहात राहिले. चौथ्या खंडाचा पहिला भाग २०११ त निघाला.

येथेंहि विद्यार्थी आलेच. पहिल्याच उन्हाळ्यांत कनूथ चीनच्या प्रवासास गेले असतां मायकेल प्लास व फ्रँक लिआंग ह्या त्यांच्या दोघां शिष्यांनीं टिपणावरून पहिलें प्रारूप उभें केलें. पुढें प्लास ह्यांच्या साहाय्यानें कनूथ ह्यांनीं परिच्छेदाच्या ओळी कोठें तोडाव्या ह्या प्रश्नाची जी उकल केली, ती १९८१ त प्रसिद्ध झाली. तिचें मर्म थोडें उलगडून सांगावेसें वाटतें. सामान्य आज्ञावली ओळ भरली कीं ती तोडते व पुढें जाते. मागें वळून पाहात नाहीं. गांवजेवणांत एखादा उतावळा माणूस पंगती बसवूं लागला, कीं पहिल्या पंगतींत माणसें मांडीला मांडी लावून कोंबतो आणि शेवटच्या पंगतींत तिघेच जण दूर दूर बसलेले दिसतात, तसा हा प्रकार. जाणता माणूस आधीं एकंदर पानें मोजतो व मग पहिल्या पंगतीपासूनच अंतर बेताचें राखतो. ‘टेक’ तसें करते. सगळा परिच्छेद एकदम डोळ्यांसमोर घेऊन, प्रत्येक ओळीच्या ओढाताणीस दोषाचे गुण देऊन, एकूण दोष कमींत कमी होईल अशी तोडणी ती निवडते. त्यामुळें शेवटच्या ओळींत एक शब्द बदलला तर कधीं कधीं पहिली ओळहि बदलते. लिआंग ह्यांनीं आपल्या १९८३ सालच्या प्रबंधांत इंग्रजी शब्द ओळीच्या शेवटीं कोठें तोडावा ह्याचें कोडें सुमारें साडेचार हजार लहान लहान अक्षरबंधांच्या साहाय्यानें सोडविलें. जुळारी जें हाताच्या संवयीनें करी, तें असें एक एक गणितांत बांधलें गेलें.

कनूथ ह्यांनीं आपली आज्ञावली विकली नाहीं. सर्वांस मोकळी दिली, आणि चूक दाखवील त्यास बक्षीस ठेविलें. आतां तींत नवें कांहीं घालावयाचें नाहीं असा त्यांचा निश्चय आहे. प्रत्येक बारीक दुरुस्तीनंतर तिच्या आवृत्तीचा आंकडा वर्तुळाच्या परीघ-व्यास गुणोत्तराच्या एक एक अंकानें जवळ सरकतो, आणि आपल्या पश्चात् तो त्या गुणोत्तरावरच कायमचा स्थिर करावा असें त्यांनीं सांगून ठेविलें आहे. शेवटची दुरुस्ती २०२१ सालची आहे.

परंतु ‘टेक’ हें कसबी माणसाचें हत्यार होतें. तिच्या सहाय्यानें काय वाटेल तें करतां येई, आणि नवशिका नेमकें काय वाटेल तेंच करी. तिला सामान्य लेखकाच्या हातीं देण्याचें काम लेस्ली लॅम्पोर्ट ह्यांनीं केलें. ते त्या वेळीं कॅलिफोर्नियांतच एका संशोधनसंस्थेंत होते. अनेक संगणकांनीं एकमेकांशीं जुळवून काम कसें करावें ह्या विषयावरील संशोधनासाठीं त्यांस पुढें १९१३ च्या नव्हे, तर आपल्याच शतकांतील २०१३ च्या ट्यूरिंग पारितोषिकाचा मान मिळाला. स्वतःस एक पुस्तक लिहावयाचें होतें म्हणून त्यांनीं ‘टेक’वर आपल्या सोयीच्या आज्ञांचा एक थर चढविला, तोच ‘लाटेक’. त्यावरील त्यांचें मार्गदर्शक पुस्तक १९८६ चें. रीडची विभागणी आणि कनूथ ह्यांचें कसब ह्यांचा हा विवाह होय. लॅम्पोर्ट ह्यांनीं आरंभीं लिखाणाचे जे ठराविक प्रकार दिले, ते लेख, अहवाल, पुस्तक व पत्र हे होत. आमच्या विषयाचा साक्षात् जनक ह्यांतला दुसरा. अहवालास प्रकरणें असतात, लेखास नसतात. अहवालाचें मुखपृष्ठ स्वतंत्र असतें, सारांशास निराळें पान मिळतें. विद्यार्थ्यानें पहिल्या ओळींत ‘हा अहवाल आहे’ एवढें सांगावयाचें; पुढें प्रकरणांचे क्रमांक, आकृत्यांचे क्रमांक, अनुक्रमणिका हें सर्व आपोआप होतें. तिसरें प्रकरण उचलून पहिलें केलें तरी एकहि आंकडा चुकत नाहीं. १९८५ त ओरेन पताश्निक ह्यांनीं संदर्भसूचीचीहि अशीच सोय केली. मार्गदर्शकानें ऐन वेळीं वाक्य वाढवावयास सांगितलें, तर आतां छातींत धडकी भरण्याचें कारण उरलें नाहीं.

असें असतां ह्या अहवालाविरुद्ध विद्यार्थ्यांची पहिली तक्रार कोणती असते? समास फार मोठे! आणि ती खरीहि आहे. दहा पॉइंटांच्या अक्षरांत ‘लाटेक’ची ओळ ३४५ पॉइंट, म्हणजे सुमारें पावणेपांच इंच रुंद असते, आपला नेहमींचा कागद सव्वाआठ इंच रुंद. साडेतीन इंच कोरे! कागद फुकट जातो, असें मुलांस वाटतें. पण जुना कोणताहि जुळारी सांगेल कीं, ओळींत साठ-सत्तर अक्षरांहून अधिक अक्षरें झालीं म्हणजे डोळा उजव्या टोकाहून परत येतांना वाट चुकतो, आणि तीच ओळ पुन्हां वाचतो किंवा एखादी गाळतो. समास कागदाच्या मानानें ठरलेला नाहीं, डोळ्याच्या मानानें ठरला आहे. मग टंकलेखनाच्या पानावर सहा इंचांची ओळ कशी चाले? एक तर त्या यंत्राचीं अक्षरें मोठीं व सारख्या रुंदीचीं. आणि दुसरें, ओळींत दुप्पट अंतर असल्यामुळें डोळ्यास परतीचा रस्ता मोकळा मिळे. म्हणजे लांब ओळ व दुप्पट अंतर हे दोन नियम जोडीनें नांदत होते. आजचा विद्यार्थी पानें वांचविण्यासाठीं अंतर कमी करतो, अक्षर लहान करतो आणि लांब ओळ तेवढी ठेवतो. जोडींतला एक गेला कीं दुसरा निराधार होतो, हें त्यास कोणी सांगितलेलें नसतें.

१९९४ सालीं फ्रँक मिटेलबाख प्रभृति मंडळींनीं ‘लाटेक’ची नवी घडी बसविली, तेव्हांपासून लिखाणाचा प्रकार ही एक स्वतंत्र फाईल झाली व ती कोणासहि आपल्या गरजेप्रमाणें लिहितां येऊं लागली. विद्यापीठांनीं ही संधि घेतली, आणि कोठें कचेरीनें, तर बहुधा एखाद्या उत्साही विद्यार्थ्यानें, आपापल्या विद्यापीठाचा प्रबंधाचा सांचा रचला. २०१२ नंतर तर महाजालावरच लिहितां येईल अशा सोयी झाल्या आणि असले सांचे एका ठिकाणीं मांडलेले मिळूं लागले. तुराबियन बाई आतां कचेरींत बसत नाहींत. त्या फाईलमध्यें जाऊन बसल्या आहेत. नियम मोडण्याची सोयच राहिली नाहीं, हा लाभ. पण बाईंस कारण विचारतां येत असे. फाईल उत्तर देत नाहीं. आणि बाईंनीं आपले नियम डोळसपणें बदललेहि असते. आज ज्या अहवालाची तपासणी पडद्यावर होते, त्यांतहि पेन्सिलीसाठीं सोडलेलें अंतर तसेंच आहे, व पेन्सिल मात्र नाहीं.

सांचा आयता मिळाला म्हणजे दुसराहि एक प्रकार घडतो. एकदां आमच्याकडे परीक्षणासाठीं आलेल्या एका अहवालांत चौथ्या प्रकरणाच्या आरंभीं अर्धे पान लॅटिन मजकूर होता. विषय होता सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा! जागा भरून पान कसें दिसतें हें दाखविण्यासाठीं सांचा करणारे जो अर्थहीन मजकूर घालतात, तो तसाच राहून गेला होता. त्या मजकुराचें मूळ सिसेरोच्या इ. स. पूर्वीं ४५ सालच्या नीतिविषयक ग्रंथांत आहे. शब्द तोडून-मोडून त्याचा कांहीं अर्थ उरूं दिलेला नाहीं, एवढेंच. त्या मुलानें सिसेरोस उद्धृत केलें, त्याच्या मार्गदर्शकानें सही केली, आणि बांधणाऱ्यानें सोनेरी अक्षरें उमटविलीं. आम्ही त्या मुलास दोष दिला नाहीं. पान इतकें नीटनेटकें दिसत होतें कीं आंत कांहीं तरी लिहिलेलें असणारच, असें सर्वांनीं गृहीत धरलें. वेड्यावांकड्या टंकलिखित पानावर रिकामी जागा रिकामी दिसे. सांच्यांत ती भरल्यासारखी दिसते. ऋणनिर्देशाचें तर विचारूंच नये. आईवडिलांविषयींची कृतज्ञता दहा वर्षें एकाच वाक्यांत व्यक्त होत आलेली आम्ही पाहिली आहे. मार्गदर्शकाचें नांव बदलतें, विशेषणें तींच.

तरी आम्ही सांच्याच्या विरुद्ध नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. ज्यास दोन महिन्यांत प्रयोग करून, आंकडे जमवून, लिहून द्यावयाचें आहे, त्यानें ओळींच्या अंतरावर रात्री जाळाव्या असें आम्ही म्हणणार नाहीं. सॉल्टझर व रीड ह्यांनीं आपल्या रात्री जाळल्या त्या पुढच्यांच्या वांचाव्या म्हणूनच. आमचें म्हणणें इतकेंच आहे कीं, सांचा देतांना त्यांतील कारणेंहि द्यावीं. तीं फार नाहींत, एका तासांत सांगून होतात.

मराठींत लिहिणाऱ्यास सांच्याची आंतली बाजू पाहण्याचा प्रसंग लवकर येतो, कारण सांच्यास भाषा असते. लॅम्पोर्ट ह्यांच्या मूळ अहवालांत ‘चॅप्टर’, ‘कंटेंट्स’, ‘फिगर’ हे शब्द आज्ञांच्या पोटांतच शिवून टाकलेले होते. इंग्रजी लिहिणाऱ्यास त्याची जाणीवहि होत नसे. जर्मन, डच लोकांस मात्र आपल्या प्रकरणांवर परकी पाटी लागलेली दिसे. त्यांच्या आग्रहामुळें हे शब्द निराळे काढून बदलतां येण्याजोगे झाले, आणि नेदरलँड्सचे योहानेस ब्राम्स ह्यांच्या ‘बाबेल’ नांवाच्या जोडणीनें अनेक भाषांची एकत्र व्यवस्था लावली. देवनागरीची अडचण ह्याहून मोठी. जोडाक्षरें, वेलांट्या, मात्रा, रफार ह्यांसाठीं आपल्या जुळाऱ्यास कित्येक शेंकडे खिळे लागत. ‘टेक’ मुळांत मोजक्या रोमन अक्षरांवर पोसलेली. १९९१ त ग्रोनिंगेन विद्यापीठाचे फ्रान्स वेल्टहाउस ह्यांनीं देवनागरीची सोय केली. तींत मजकूर रोमन अक्षरांत लिहावयाचा व एका मधल्या आज्ञावलीनें तो नागरींत आणावयाचा. २००२ त ‘टेक’ वापरणाऱ्यांची जागतिक परिषद तिरुवनंतपुरम येथें भरली. २००४ त जोनाथन क्यू ह्यांनीं ‘झीटेक’ काढली, तेव्हां मधला दुभाषी गेला. मराठी मराठींतच लिहून पानावर उतरूं लागली.

तरी सांचे बहुतेक इंग्रजीच. मराठी विषय घेऊन प्रबंध लिहिणारा एक विद्यार्थी गेल्या वर्षीं आमच्याकडे आला. त्यानें महाजालावरून घेतलेल्या सांच्यांत मजकूर सगळा मराठी, पण प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर इंग्रजी ‘चॅप्टर’ येत होतें, आणि तें हातानें पुसतां येत नव्हतें, कारण तें कोठेंच लिहिलेलें नव्हतें. आम्हीं त्यास सांच्याची मूळ फाईल उघडावयास सांगितली. ती उघडण्याची परवानगी आहे हेंच त्यास ठाऊक नव्हतें. अर्ध्या तासानें त्यास ती जागा सांपडली. तेथें त्यानें ‘प्रकरण’ असें लिहिलें, आणि प्रबंधांतील सातहि प्रकरणें, अनुक्रमणिका व प्रत्येक पानाचा माथा एकदम मराठी झाला. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो परीक्षेंत पहिला आलेल्या मुलाच्या चेहऱ्यावरहि आम्हीं क्वचितच पाहिला आहे. मग तो फाईल खालपर्यंत वाचीत गेला. समासाच्या ओळीशीं थांबून त्यानें विचारलें, “डावीकडे दीड इंच आणि उजवीकडे एकच, हें कां हो, सर?” आम्हीं कपाटांतून एक जुना टंकलिखित प्रबंध काढून त्याच्या हातीं दिला, व तो मधोमध उघडून शिवण पाहावयास सांगितलें.